खिडकीशी

छायाचित्रण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात ती हिमशिखरे, समुद्रावरचे सूर्यास्त, नाहीतर नवरानवरी. कोपऱ्यातली केरसुणी, चुलीवरचे पातेले, दोरीवर वाळत घातलेला पंचा यांच्याकडे कॅमेरा सहसा वळत नाही. गंमत अशी, की ही कला जन्मली ती घराच्या खिडकीतच. फ्रान्समधील निसेफोर निएप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास डांबरासारख्या द्रव्याचा लेप दिलेला धातूचा पत्रा कॅमेऱ्यात ठेवला आणि आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारी छपरे टिपली. कॅमेऱ्याने घेतलेले, आज उपलब्ध असलेले ते सर्वांत जुने छायाचित्र. त्याला वेळ इतका लागला, की चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेले दिसते. म्हणजे सकाळ आणि दुपार एकाच पत्र्यावर येऊन बसल्या!

पुढे १८३८ मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसमधील एका हमरस्त्याचे चित्र आपल्या खिडकीतूनच घेतले. तो रस्ता गजबजलेला असे. चित्रात मात्र तो ओस पडलेला आहे. पट्टीवर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत. तेवढ्या अवधीत गाड्या आल्या, गेल्या, माणसे चालत राहिली आणि कोणाचीही खूण उरली नाही. उमटला तो बुटाला पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय वर ठेवून थांबलेला गृहस्थ, आणि त्याच्या पायाशी पुसटसा पॉलिशवाला. छायाचित्रात सापडलेली बहुधा हीच पहिली माणसे. त्यांना त्याचा पत्ताही नसावा.

हे चित्र पाहताना आम्हाला आमच्या घरातला जुना आल्बम आठवतो. वसईकडच्या बागायती घरांत पूर्वी कॅमेरा असणे ही मिरवण्याची गोष्ट होती. आग्फा क्लिकच्या एका रोलवर १२ चित्रे येत. त्यामुळे ती बाप्तिस्मा, लग्न, नवे घर अशा प्रसंगांसाठी राखून ठेवली जात. त्या बाराच बारांत आमची आई अनेक ठिकाणी आहे. सर्वत्र उभी, नव्या लुगड्यात, हात खाली ताठ सोडलेले. वास्तविक ते हात असे रिकामे आम्ही कधी पाहिलेले नाहीत. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, दिवसचे दिवस उन्हात वाळवायची, रोज उलटायची आणि सुकेळी तयार झाली की केळीच्या वाळक्या पानांत घट्ट गुंडाळून बांधायची, हे तिने जन्मभर केले. बांधताना तिची बोटे अशी काही वळत, की आमच्या बहिणीला ते वळण अजून साधलेले नाही. त्या कामाचा आल्बममध्ये एकही फोटो नाही. आल्बमवरून कोणी समजूत करून घेतली, तर त्याला वाटेल की ही बाई आयुष्यभर लग्नालाच जात होती.

छायाचित्रकारांमध्ये आम्हाला प्राग शहराचे योसेफ सुदेक फार जवळचे वाटतात. त्यांचा जन्म १८९६ चा. शिकले होते पुस्तकबांधणी. पण पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जखमी झाले आणि उजवा हात गेला. एका हाताने पुस्तके कशी बांधणार? ते कॅमेऱ्याकडे वळले, आणि कॅमेराही कसला, तर जड, लाकडी, तिकाटण्यावर उभा करावा लागणारा! पुढे प्राग जर्मनांच्या ताब्यात गेले, कॅमेरा घेऊन बाहेर हिंडणे धोक्याचे झाले. मग १९४० ते १९५४ या काळात ते आपल्या स्टुडिओच्या खिडकीचीच चित्रे घेत राहिले. काचेवर जमलेले दव, बर्फाची नक्षी, पलीकडचे वाकडे झाड, चौकटीवर पेल्यात ठेवलेले एखादे फूल. झाड तेच, काच तीच. १४ वर्षे! आमच्यासारखा माणूस चौदाव्या दिवशी कंटाळला असता. प्रतिभेला नवनवे देश लागतात अशी समजूत करून घेऊन आपण प्रवासाची तिकिटे काढतो. सुदेक यांना मात्र पुरेसा होता तो काचेवर रोज निराळा पडणारा उजेड.

आईने आता ऐंशी ओलांडली आहे. बाग पूर्वीएवढी राहिलेली नाही, सुकेळीही ती हौसेपुरतीच करते. गेली दोन वर्षे, ती पडवीतल्या खिडकीशी कामाला बसली की आम्ही मोबाईलवर तिच्या हातांचे फोटो काढतो. रोज एक, जास्त नाही. सुरुवातीला तिला हे मुळीच पसंत नव्हते. “तोंड सोडून हातांचे कसले फोटो काढतोस? आणि थांब, लुगडे तरी बदलते,” असे ती म्हणायची. आता ती लक्ष देत नाही. फोटो त्यानंतरच बरे येऊ लागले.

पावसाळी दिवसांत खिडकीशी उजेड कमी असतो. अशाच एका दुपारी ती मोगऱ्याच्या कळ्यांचा गजरा गुंफीत होती. फोटोत तिचा चेहरा, भिंत, सूप सारे लख्ख आले. बोटे मात्र हलल्यामुळे नुसता पांढुरका धूर झाली. तो फोटो आम्ही पुसला नाही, परदेशी असलेल्या बहिणीला पाठवला. तासाभराने तिचा फोन आला. बोटांविषयी ती काहीच बोलली नाही. म्हणाली, “ते सूप अजून आहे? त्याची कड मी जाळली होती, जरा उलटे करून बघ.”

सूप उलटे केले. कड जळलेली होती.