दादा, मी आणि कोल्डप्ले

"अगंबाई, तू रॉक बँड बघायला गेलीस?" हा प्रश्न मला शाळेच्या स्टाफरूममध्ये, आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात आणि भाजीवालीकडेसुद्धा विचारून झाला आहे. विचारणारीच्या चेहऱ्यावर थोडं कौतुक असतं आणि थोडं 'हिला या वयात काय सुचलं' असंही असतं. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. वय सदतीस, पदरात दोन मुलं, सकाळी पाण्याची वेळ सांभाळायची, दुपारी अर्धवेळ शाळा, संध्याकाळी सासूबाईंच्या गोळ्या. विरारच्या मनवेलपाड्यात राहणारी बाई अशा वेळी फार तर नाटकाला जाते. पण मी गेले, आणि एकटी नाही, माझ्या थोरल्या भावाला घेऊन गेले. ती हकीकत एकदा नीट सांगून टाकावी म्हणते.

बँडचं नाव कोल्डप्ले. लंडनच्या कॉलेजातली चार मुलं नव्वदच्या दशकाच्या शेवटी एकत्र आली, २००० साली त्यांची 'पॅराशूट्स' ही पहिली रेकॉर्ड निघाली, त्यातल्या 'यलो' गाण्याने त्यांचं नाव झालं आणि तेव्हापासून तेच चौघं वाजवत आहेत. पंचवीस वर्षं त्याच चौघांचं पटतंय! आमच्या सोसायटीच्या कमिटीत पाच जणांचं पाच महिने पटत नाही. आणि आपल्या तालुक्याचा अभिमान म्हणून एक सांगते. २०१६ साली त्यांच्या 'हिम फॉर द वीकेंड' या गाण्याची फिल्म आली, तिच्यातला काही भाग आपल्या वसईच्या किल्ल्यात चित्रित केलेला आहे. शाळेची सहल घेऊन मी ज्या पडक्या भिंतींपाशी मुलांची डोकी मोजत उभी राहते, त्या भिंती जगभरच्या लोकांनी पाहिल्या. मुलांना हे सांगितलं की चिमाजीअप्पांची मोहीमही जरा जास्त लक्ष देऊन ऐकतात, हा माझा अनुभव.

हे गाणं मला कुणी लावलं? दादाने.

२००५ साली मी बारावी होऊन बी. ए.च्या पहिल्या वर्षाला गेले होते आणि दादा नुकताच अंधेरीच्या एका कंपनीत चिकटला होता. त्या काळातलं भारनियमन तुम्हाला आठवत असेल. आमच्याकडे वीज गेली की तासन् तास येत नसे. डासांनी घरात बसवत नसे म्हणून आम्ही जिन्याच्या पायरीवर बसायचो, समोर अंधारात जीवदानीच्या डोंगरावरचे दिवे. दादाकडे पेन्सिल सेलवर चालणारा सीडी प्लेअर होता. अंधेरीच्या फूटपाथवरून आणलेली, एकीत दीडशे गाणी मावणारी चकती त्यात घालायची आणि इयरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. डावं त्याचं, उजवं माझं, हे ठरलेलं. मला इंग्रजी शब्द कळायचे नाहीत, कळले तरी अर्थ लागायचा नाही. दादा गाणं थांबवून एकेक ओळ म्हणून दाखवायचा, मराठीत सांगायचा आणि पुन्हा सुरू करायचा. सेल संपत आले की गायकाचा आवाज रडवेला व्हायचा. आई आतून ओरडायची, "पुरे करा ते कोकलणं, मेणबत्ती संपतेय, जेवून घ्या!"

त्यातलं 'फिक्स यू' आमच्या दोघांचं सगळ्यात आवडतं. त्याची गोष्ट मोठी छान आहे. गायक ख्रिस मार्टिनचे सासरे वारले, बायको दुःखात होती. सासऱ्यांनी मरणाआधी एक मोठा कीबोर्ड घेऊन ठेवला होता, त्याची वायरसुद्धा कुणी कधी लावली नव्हती. जावयाने ती लावली, आणि त्यातून जो सूर निघाला त्यावर बायकोची समजूत काढणारं हे गाणं बांधलं. सुरुवातीला तो एकटा सूर, देवळातल्या पेटीसारखा संथ, आणि मग शेवटी ढोल-गिटार सगळं एकदम उसळतं. दादा म्हणायचा, "तो उसळतो ना, तिथे डोळे मीट."

मग ११ जुलै २००६ आला.

विरारकरांना तारीख सांगायला लागत नाही. संध्याकाळच्या गर्दीत, अवघ्या ११ मिनिटांत, पश्चिम रेल्वेच्या ७ गाड्यांच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत स्फोट झाले. १८०हून जास्त माणसं गेली. दादा होता मीरा रोडला स्फोट झालेल्या गाडीत, फर्स्ट क्लासला लागूनच्या सेकंडच्या डब्यात. घरी आम्हाला काही माहीत नाही. टीव्हीवर खाली पट्टी फिरतेय, मोबाईल कुणाचाच लागत नाही, शेजारचे जाधवकाका स्टेशनवर जाऊन नुसते उभे. बाबा एका जागी बसून होते, आणि आईने वरणाला फोडणी दिली, का दिली कोण जाणे, जेवणार कोण होतं? रात्री दोनला दार वाजलं. शर्ट फाटलेला, कपाळावर पट्टी, एका अनोळखी रिक्षावाल्याने त्याला पार भाईंदरच्या पुढून आणून सोडलं होतं, पैसे न घेता. आई त्याला बिलगून काहीतरी बोलत होती. दादा तिच्या तोंडाकडे बघत होता. मग मोठ्याने, नको इतक्या मोठ्याने म्हणाला, "काय म्हणतेस? मला ऐकू येत नाहीये."

कानाचे पडदे फाटले होते. पडदे पुढे भरून आले, पण कानाच्या आतला जो नाजूक भाग असतो तो परत येत नाही, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. अशा इजेत बारीक, उंच आवाज आधी जातात. म्हणजे ढोल कळतो, बासरी कळत नाही. पुरुषाचा खर्जातला आवाज थोडाफार समजतो, बायकामुलांचा समजत नाही. 'सात' आणि 'हात' यात फरक लागत नाही. शिवाय कानात चोवीस तास एक शिट्टी वाजत राहते. लोकांना वाटतं बहिऱ्याला शांतता असते. दादाला एकोणीस वर्षांत एक मिनिट शांतता मिळालेली नाही.

इथे वाचकमैत्रिणींना एक सांगणं. घरात असं कुणी असेल तर पाठीमागून हाका मारू नका आणि ओरडूही नका. समोर या, तोंडावर उजेड पडू द्या, सावकाश बोला. आणि "जाऊ दे, काही नाही" हे कधी म्हणू नका. दादा म्हणतो, दिवसाकाठी सगळ्यात जास्त लागतं ते हेच वाक्य.

कंपनीची नोकरी सुटली. फोनवर बोलायचं काम होतं, ते कसं जमणार? पुढे त्याने विरारलाच हिशेबाचं काम धरलं, यंत्र लावलं, लग्न झालं, वहिनी सोन्यासारखी मिळाली. सगळं रुळावर आलं. गाणं मात्र त्याने बंद करून टाकलं. तो सीडी प्लेअर त्याने मला देऊन टाकला, "तू ऐक" म्हणाला. यंत्रातून गाणं ऐकलं की पत्र्यावर खडे टाकल्यासारखं वाटतं म्हणायचा. त्यानंतर त्याच्यासमोर मीही कधी लावलं नाही.

१९ नोव्हेंबर २०१६ला कोल्डप्ले पहिल्यांदा मुंबईत येऊन गेले, वांद्र्याला. तेव्हा माझी धाकटी सहा महिन्यांची होती, जाण्याचा विचारही शिवला नाही. २०२४मध्ये बातमी आली की नवी मुंबईत पुन्हा येणार. २२ सप्टेंबरच्या रविवारी दुपारी बाराला तिकिटं सुटायची होती. पितृपक्ष चालू. सासूबाई म्हणाल्या, "पंधरवड्यात खरेदी करू नये." मी म्हटलं, "आई, वस्तू नाही, कागदसुद्धा नाही, नुसता फोनवर नंबर येतो." त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग चालेल." आमची थोरली फोन घेऊन बसली. एक कोटीहून जास्त लोक त्या दिवशी रांगेत होते असं पुढे वाचलं, आमच्या पुढेच काही लाख होते. १८ आणि १९ जानेवारीची सगळी तिकिटं बघता बघता संपली. मी पोळ्यांना लागले. तेवढ्यात तिसरा दिवस जाहीर झाला, २१ जानेवारी, मंगळवार. थोरली किंचाळली, "आई, दोन मिळाली!" सगळ्यात स्वस्तातली, अडीच हजारांना एक. माझी भिशी नुकतीच लागली होती. पुढे हीच तिकिटं काळ्या बाजारात लाखावर गेली. ह्यांनी एकदा डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलंही, पण विकण्याचं नाव काढलं नाही.

दोन तिकिटं का, हे ह्यांनी विचारलंच नाही. दादा मात्र ऐकेना. "बहिऱ्याला कशाला नेतेस? घरातल्या कुणाला तरी ने. पैसे वाया." मी काय बोलणार? वहिनीनेच त्याला समोर बसवलं आणि सावकाश, एकेक शब्द करून म्हणाली, "तिला. एकटीला. रात्री. पाठवायचं का?" झालं. भाऊ तयार झाला. बायकोला कुठला धागा ओढायचा ते बरोबर कळतं.

जाण्याआधी त्याला डॉक्टरांकडे नेलं, कारण उरलंसुरलं ऐकू येणं अशा आवाजाने जाऊ शकतं. त्यांनी यंत्र काढून ठेवायला सांगितलं आणि कानात घालायला स्पंजचे बोळे दिले. बहिरा माणूस कानात बोळे घालून गाण्याला निघाला, यावर दादा स्वतःच इतका हसला की आम्हीही हसलो. तुम्ही अशा कार्यक्रमांना मुलांना घेऊन जात असाल तर हे बोळे जरूर न्या. औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतात.

संक्रांतीचे दिवस होते, हळदीकुंकू मी आधीच्याच रविवारी उरकून घेतलं. मंगळवारी शाळेतून रजा. विरारहून अंधेरी, तिथून हार्बरने वडाळा, गाडी बदलून नेरूळ. डबा आत नेऊ देत नाहीत हे माहीत होतं, म्हणून मेथीचे पराठे आणि तिळाच्या वड्या आम्ही नेरूळच्या फलाटावरच संपवल्या. आजूबाजूला पोरंपोरी चेहऱ्यावर चमकी लावून चाललेली. एका मुलीने मला विचारलं, "काकू, तुम्हीपण?" मी म्हटलं, "तू पाळण्यात होतीस तेव्हापासून!"

डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये शिरताना प्रत्येकाच्या हातात एक पट्टा बांधतात. गाण्याबरोबर तो आपोआप पेटतो, रंग बदलतो, आणि जाताना परत द्यायचा असतो. आमची जागा इतकी वर की स्टेजवरची माणसं तांदळाएवढी दिसत होती. या दौऱ्यात ऐकू न येणाऱ्यांसाठी कंप अंगाला पोचवणारी जाकिटं ते ठेवतात असं मी वाचलं होतं. दादाला म्हटलं, चौकशी करू. तो म्हणाला, "नको, माझं मी बघतो."

अंधार पडला, पहिला ढोल वाजला आणि पायाखालचं काँक्रीट थरथरलं. दादाने माझा दंड धरला. मग त्याने समोरच्या लोखंडी कठड्यावर दोन्ही तळवे टेकले आणि तसाच उभा राहिला. 'यलो'ला सबंध स्टेडियम, चाळीसेक हजार मनगटं, एकदम पिवळीधमक झाली. झेंडूच्या बाजारासारखी! दादा तोंड उघडं टाकून बघत होता. एका गाण्याला ख्रिस मार्टिनने सगळ्यांना फोन खिशात ठेवायला सांगितलं. ठेवले हो लोकांनी! माझ्या वर्गात हे कधी जमायचं?

'फिक्स यू' शेवटाकडे आलं. तो सुरुवातीचा संथ सूर दादापर्यंत पोचला नसणार, हे मला कळत होतं. मी त्याच्या समोर वळले, पट्ट्याच्या उजेडात तोंड धरलं आणि एकेक ओळ ओठांनी म्हणत गेले. माझ्या पाठीकडे तो नामांकित गायक, आणि हा माझ्या तोंडाकडे बघतोय. मागचा मुलगा म्हणाला, "ऑन्टी, स्टेज तिकडे आहे!" असू दे तिकडे. आणि मग जिथे सगळं उसळतं ती जागा आली, आणि दादाने, त्याला वेळ कशी कळली देव जाणे, बरोबर त्याच क्षणी डोळे मिटले.

नंतर तो रडला का, असं सगळ्या विचारतात. नाही रडला. मी रडले. तो मला म्हणाला, "पट्टा परत द्यायचाय, तो भिजवू नकोस."

परतीला वडाळ्याला गाडीसाठी खूप वेळ गेला. अंधेरीहून विरार गाडीत बसायला मिळालं. मीरा रोड आलं तेव्हा दादा नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघत होता. भाईंदरची खाडी ओलांडल्यावर म्हणाला, "शेवटच्या कडव्याला लोक काय म्हणत होते? नुसतं हूऽऽ होतं की शब्द होते?" शब्द होते, मी सांगितलं. गाडीच्या आवाजात त्याला ते लागेनात. मी पर्समधून मुलांची वही काढली, तपासायला आणलेली, तिच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून दिलं. त्याने वाचलं, "मी तुला तेव्हा याचा अर्थ चुकीचा सांगितला होता," म्हणाला, आणि नायगाव येईपर्यंत बरोबर अर्थ मला समजावून देत राहिला. डब्यातले लोक बघत होते, कारण त्याचा आवाज अजूनही नको इतका मोठाच असतो.

विरारला उतरलो तेव्हा दीड वाजून गेला होता. शेअर रिक्षा मिळेना, म्हणून मनवेलपाड्यापर्यंत चालतच आलो. वहीचं ते पान दादा घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलाला काय सांगायचं, ते मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं.