पाच काटे

ओहोटी लागली की ट्रॉम्बेच्या जेट्टीवरून रोहित पक्षी शोधावे लागत नाहीत. करड्या चिखलावर गुलाबी पट्टा पसरलेला असतो, नजर आपसूक तिकडे जाते. तुतवार पक्षी मात्र शोधावा लागतो, कारण तो चिखलाच्याच रंगाचा. आणि निवटी मासळी तर हलेपर्यंत चिखलच असते. थंडीत येणारे पाहुणे रोहित बघतात, फोटो काढतात आणि जातात. मला पहिल्यापासून तुतवाराचा नाद.

त्याच नादानं मी संगणकावरच्या ‘हिडन ऑब्जेक्ट’ खेळांकडे वळले. पसाऱ्यानं गच्च भरलेल्या खोलीचं चित्र, खाली दहा-बारा वस्तूंची नावं. वस्तू दिसली की तिच्यावर क्लिक करायचं, यादीतलं नाव पुसलं जातं. हे खेळ घरोघरी पोचवले ते सिएटलच्या बिग फिश कंपनीनं. त्यांचा ‘मिस्ट्री केस फाइल्स: हंट्सव्हिल’ २००५ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी ‘रेव्हनहर्स्ट’. इंग्लंडमधला पडका वाडा, एमा नावाच्या बाईची पानापानानं हाती लागणारी डायरी, आणि दरवाजांवर चाकं, दोऱ्या, तरफा यांची विचित्र कुलपं. पहिला एक तास फुकट खेळता यायचा. आमच्याकडे तेव्हा फुगीर पडद्याचा जुना मॉनिटर होता. त्या एका तासात मी खरं तर खेळले कमी आणि बघायला शिकले जास्त.

तेव्हा लागलेली सवय अजून आहे. नजर नेहमी उजवीकडून डावीकडे न्यायची. डावीकडून उजवीकडे आपण आयुष्यभर वाचत आलो, त्यामुळे त्या दिशेनं डोळे घसरतात. आणि अख्खी वस्तू शोधायची नाही. कात्री हवी असेल तर दोन गोल शोधायचे, छत्री हवी असेल तर वाकडी मूठ. चांगला चित्रकार वस्तूचं अंग झाकतो, पण तिचा एखादा अवयव उघडा ठेवतो. तो आपल्याला सापडावा अशी त्याची मनापासून इच्छा असते.

माझं सगळं मत इथेच येऊन थांबतं. लपवण्यातही सचोटी असते. गजांच्या कठड्यात कंगवा उभा केला, तर गज आणि दाते एका लयीत मिसळून जातात. कंगवा पूर्ण दिसत असतो, तरी दिसत नाही. दोराच्या वेटोळ्यात साप, पाचोळ्यात पानासारखा मासा, वीणेच्या तारांमध्ये विणकामाची सुई. अशी वस्तू सापडली की मी हात जोडते. पण वस्तू नव्वद टक्के पारदर्शक करायची, काळोख्या कोपऱ्यात नखाएवढी चिकटवायची, किंवा कपाटामागून तिची जेमतेम कड बाहेर ठेवायची, हे लपवणं म्हणायला मी तयार नाही. तिथे खेळणाऱ्याचे डोळे दुखतात आणि हाती काही लागत नाही.

गर्दीत शोधायला वेळ का लागतो, याचं कारण अ‍ॅन ट्राइसमन या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या १९८० सालच्या निबंधात आहे. एकाच गुणानं वेगळी असलेली वस्तू, म्हणजे हिरव्यांत एकच लाल, झटक्यात उठून दिसते. भोवती चार वस्तू असोत की चाळीस, वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. पण लाल चौकोन आणि हिरवे गोल यांच्या गर्दीत लाल गोल शोधायचा असेल, तर मनाला दोन गुण जोडावे लागतात आणि एकेक वस्तू तपासावी लागते. गर्दी वाढली की वेळही वाढतो. रोहित पहिल्या प्रकारातला, तुतवार दुसऱ्या. चांगल्या खेळाचा आनंद या दुसऱ्या प्रकारात असतो.

माझ्या सासूबाई कोळीवाड्यातल्या. ओट्यावर सुपात जवळा घेऊन बसायच्या आणि त्यातून शिंपल्यांचे तुकडे, काड्या, बोटाच्या पेराएवढे खेकडे वेचून काढायच्या. बोलणं चालू, बोटं चालू. त्यांचं काम माझ्या खेळापेक्षा फार अवघड होतं, हे मला उशिरा कळलं. खेळात यादी असते. बारा नावं आहेत म्हणजे बारा वस्तू नक्की आहेत. सुपात तशी हमी नाही. वीस सुपं स्वच्छ निघतील आणि एकविसाव्यात काच असेल. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ साली सामानाच्या क्ष-किरण चित्रांसारखी चित्रं लोकांना दाखवून हेच तपासलं. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असताना ती सुमारे सात टक्के वेळा नजरेतून सुटली. शंभरात एकाच चित्रात असताना सुमारे तीस टक्के वेळा. जे क्वचित असतं ते डोळे सोडून देतात. सासूबाईंनी सोडलेला काचेचा तुकडा मला आठवत नाही.

या खेळांत वस्तू शोधण्याच्या मधे मधे कोडीही येतात; त्यांच्याबद्दल थोडंच सांगते. रेव्हनहर्स्टची कुलपं मला आवडतात, कारण एक चाक फिरवलं की काय हलतं ते डोळ्यांसमोर दिसतं. ‘टॉवर ऑफ हॅनोई’, म्हणजे लहान चकतीवर मोठी न ठेवता एकेक चकती दुसऱ्या खांबावर नेण्याचं कोडं, मात्र आता पुरे. एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञानं ते १८८३ साली काढलं, त्याच्या दंतकथेत आपल्या काशीचं देऊळ आणि सोन्याच्या चौसष्ट चकत्या आहेत, म्हणून मला त्याचा जिव्हाळाही आहे. पण सात चकत्यांना किमान १२७ चाली लागतात आणि पहिल्या पंधरानंतर विचार संपून नुसती हमाली उरते. सरकत्या चौकोनांच्या कोड्यानं तर माझ्या तीन संध्याकाळी खाल्ल्या. फोनवरचा एक छोटा खेळ होता. शेवटचे दोन तुकडे कायम उलटसुलट. मग कळलं की तुकडे कसेही मांडले तर निम्म्या मांडण्या सुटूच शकत नाहीत. हे गणित १८७९ सालीच छापून आलेलं आहे. बनवणाऱ्यानं सुटलेल्या चित्रापासून उलट सरकवत जायला हवं होतं. सुटू न शकणारं कोडं लोकांपुढे ठेवणं म्हणजे सुपात नसलेली काच शोधायला लावणं. त्याचा मला आजही राग आहे.

आता नावांबद्दल. यादी इंग्रजीत असते आणि ती मला वर्षानुवर्षं शिकवत आली आहे. ऐरण, भाता, अंगुस्तान, सूर्यघड्याळ यांची इंग्रजी नावं मी या खेळांत शिकले, कारण नाव कळल्याशिवाय वस्तू दिसत नाही. पुढे त्यातली गंमतही कळली: एकाच शब्दाचे दोन अर्थ असतात. ‘बॅट’ म्हटल्यावर मी फळकूट शोधत बसायची आणि वटवाघूळ वर तुळईला लटकत असायचं. पण सगळा पसारा युरोपातल्या माळ्यावरचा. झुंबर, ग्रामोफोन, पहार, सरदाराचं चिलखत. आमच्या माळ्यावरची रोवळी, अडकित्ता, घंगाळ, बंब, विळी यांच्यावर कोणी क्लिक करत नाही. आणि मराठीत तर दुहेरी अर्थांची खाण आहे. पाटी म्हणजे मुलाची, दारावरची आणि मासळीची. घोडा शर्यतीतला, बुद्धिबळातला आणि बंदुकीचा. हे कोणी चित्रात मांडलं, तर मी पैसे मोजून घेईन आणि दिवाळीअंकाशेजारी ठेवीन.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मीच मांडलं. ओट्यावर सासूबाईंचा तराजू, थांबलेलं भिंतीवरचं घड्याळ, काटा-चमचा, बाभळीची फांदी, धुऊन वाळवलेला बोई माशाचा काटा, आणि त्यांच्यामध्ये माळ्यावरचं जे हाताला लागलं ते सगळं. फोनवर फोटो काढला. यादीत एकच शब्द लिहिला: काटा, पाच. बोईचा काटा मी रोवळीच्या बांबूच्या काड्यांवर ठेवला होता; पांढरट काड्यांत पांढरट काटा. त्याच्यावर माझा पूर्ण अर्धा तास गेला होता.

नणंदेची नऊ वर्षांची मुलगी फोन घेऊन पायरीवर बसली. घड्याळ लगेच. चमच्याशेजारचा लगेच. बाभूळ. तराजूच्या दांडीमधला काटा तिला माहीत नव्हता, तो मी सांगितला नाही. तिनं आजीला विचारलं. बोईच्या काट्याला बराच वेळ लागला. मी काही बोलले नाही. तिनं फोटो मोठा केला, छोटा केला, मग रोवळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसली.

मी यादी खोडायला पेन्सिल घेतली, तरी तिनं फोन सोडला नव्हता.

“मामी, सहा आहेत.”

“पाचच ठेवलेत मी, बाळा.”

तिनं फोटोचा मागचा कोपरा मोठा करून दाखवला. घंगाळाला टेकू म्हणून मी तिथे जुना रेडिओ ठेवला होता. त्याच्या काचेमागे, आकड्यांच्या मधोमध, स्टेशनचा लाल काटा उभा होता.