काच पुसायची कुणी?

आमच्या रायपूरच्या घरासमोर, समता कॉलोनीत, कडुनिंबाच्या सावलीत एक जुनी मिनीबस उभी असते. नव्याने येणाऱ्याला वाटतं, कुठल्यातरी शाळेची असावी. पण आत डोकावलं तर दोन पलंग, एक गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि फळीवर आईच्या लोणच्याच्या बरण्या! बाबा निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी ही गाडी जुन्या बाजारातून घेतली, ओळखीच्या सुताराकडून आतला संसार मांडून घेतला आणि आरटीओत त्या फेरफारांची रीतसर नोंदही करून घेतली. अशा गाड्यांना आता कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये त्यांच्यासाठी वेगळं पर्यटन धोरणसुद्धा आणलं. आई मात्र पहिल्या दिवसापासून तिला 'विंचवाचं बिऱ्हाड' म्हणत आली आहे.

या बिऱ्हाडातून आई-बाबा अमरकंटकला गेले, पचमढीला गेले. नागपूरला तर उठसूट जातात. गाडी बाबा चालवतात, आईची जागा त्यांच्या डाव्या हाताला. आणि पावसाळा लागला की आईच्या मांडीवर एक फडकं. बाबांच्या जुन्या धोतराचं, मऊसूत. पुढची काच आतून धुरकटली की बाबा नुसतं "हं" म्हणायचे आणि आई पुढे वाकून उजव्या हाताने काच पुसायची. दर पाच मिनिटांनी. इतकी सवय, की दोघांचं बोलणंही त्यात तुटायचं नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात आईचा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना. त्याच जुलैत मी सुट्टी काढून माहेरी गेले होते आणि बाबांच्या मनात जगदलपूरचा गोंचा उत्सव पाहायचं आलं. रथयात्रेच्या दिवशी तिथेही रथ निघतो आणि बांबूच्या नळीच्या 'तुपकी'तून मालकांगोणीच्या हिरव्या फळांचा मारा करून त्याला सलामी देतात. ७ जुलैला रथ पाहिला, पाठीवर दोन-चार फळं खाल्ली, मजा आली. जाताना उन्हं होती. येताना पाऊस होता, आणि आई मागच्या पलंगावर असल्यामुळे फडकं माझ्या हातात होतं.

जगदलपूरहून रायपूरकडे येताना कोंडागाव सोडलं की केशकाल लागतं आणि तिथून घाट उतरतो. वळणावळणांचा रस्ता, दोन्ही बाजूंना साल-सागाचं रान. संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. बाहेर गार झालेलं, आत आम्ही तिघं, शिवाय निघण्यापूर्वी आईने काचा लावूनच केलेला चहा. काच अशी काही धुरकटली की मी पुसलेला पट्टा मोजून दहा आकडे होईस्तोवर पुन्हा पांढरा व्हायचा. बाबा दोनदा म्हणाले, "वरच्या बाजूला पूस गं." मी वर पुसेपर्यंत खाली वाफ धरायची.

तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर मला समोर काहीतरी काळपट दिसलं. बाबांना माझ्याआधी दिसलं असणार, कारण मी ओरडायच्या आत त्यांनी ब्रेक दाबला होता. मागे बरणी फुटल्याचा आवाज आला. गाडी थांबली तेव्हा समोर बंद पडलेल्या ट्रकचं मागचं फळकूट होतं. मागे दिवा नाही, फक्त रस्त्यावर मांडलेले चार दगड, त्यातला एक आमच्या चाकाखाली. अंतर सांगत नाही, आईला अजून ठाऊक नाही.

घाटातच तेलीन सती मातेचं देऊळ आहे. येणारे-जाणारे ड्रायव्हर तिथे हात जोडूनच पुढे जातात. आम्हीही थांबलो. बाबा बराच वेळ बाहेर पावसात उभे होते.

रायपूरला पोचल्यावर रात्री जेवताना दादाने विषय काढला. "बाबा, आता पुरे. सत्तर झाली तुम्हाला." बाबा म्हणाले, "अरे, काच दिसत नव्हती. हिचा हीटर ओढत नाही." मी आणि दादाने एकमेकांकडे पाहिलं. जुलै महिना, रायपूर, आणि म्हणे हीटर! आम्हाला ते वाक्य ऐकूच गेलं नाही म्हणा ना. आठवड्याच्या आत दादाने गाडीला गिऱ्हाईक शोधलं. मी बाबांची डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली.

बाबा निमूटपणे आले, आणि मला ते जास्त लागलं. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आधीच झालेली. डॉक्टरांनी थेंब घालून, दिवे मारून, अक्षरं वाचायला लावून अर्धा तास तपासलं आणि माझ्या चष्म्याकडे बघत म्हणाले, "यांना लांबचं तुमच्यापेक्षा चांगलं दिसतं." परतताना रिक्षात बाबा काळा चष्मा लावून बसले होते. अग्रसेन चौक आला तेव्हा म्हणाले, "आता गाडीचे डोळे तपासायचे का?"

टाटीबंधच्या बाजूला एक वयस्क मिस्त्री आहेत, ट्रकांची कामं करणारे. त्यांनी गाडी चालू केली, ब्लोअर शेवटच्या टप्प्यावर ठेवला आणि काचेखालच्या फटींवर तळहात धरला. मग माझा हात धरायला लावला. डावीकडे फुंकर घातल्याइतका वारा. उजवीकडे, म्हणजे नेमका ड्रायव्हरच्या समोर, काहीच नाही! मिस्त्री बाबांना म्हणाले, "बाबूजी, गाड़ी बुढ़ाय नइ हे, एखर नाक बंद होगे हे." गाडी म्हातारी झालेली नाही, तिचं नाक चोंदलंय. मी खाली मान घातली.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं. ३० अंश तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात सामावून घेऊ शकते. तीच हवा २० अंशांवर आली की जेमतेम १७ ग्रॅम. उरलेलं पाणी कुठेतरी उतरणारच. पावसाने गार झालेली काच ही गाडीतली सगळ्यात गार जागा, म्हणून आमच्या श्वासातली वाफ तिथे थेंब होऊन बसते. उपाय म्हणजे बाहेरची हवा आत घ्यायची, ती तापवायची आणि काचेवर सोडायची. पावसाळी हवा बाहेर दमट वाटली तरी तापवली की तिची पाणी पिण्याची ताकद वाढते, आणि काचही थोडी गरम होते. म्हणून भर पावसाळ्यात हीटर! अंगाला उकडतं, मग बाजूची काच दोन बोटं खाली करावी. बाबा हेच सांगत होते.

या गाडीच्या पहिल्या मालकाने हीटर बसवून घेतला होता. तो चालत का नव्हता, तर एका नव्हे, चार-पाच कारणांनी. डॅशबोर्ड उघडल्यावर दिसलं की उजव्या बाजूला वारा नेणारी घड्याघड्यांची नळी निसटून लोंबत होती. तिचा सगळा वारा डॅशबोर्डच्या पोटातच जात होता. ती क्लिप लावून बसवायला पाच मिनिटं लागली. मग मिस्त्रींनी ब्लोअरच्या तारांना मीटर लावला. बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट, ब्लोअरपाशी साडेनऊ. बाकीचे कुठे गेले? अर्थिंगची तार जिथे पत्र्याला जोडली होती, तिथे गंज. घासून, नवा बोल्ट लावल्यावर पंख्याचा आवाजच बदलला.

पण वारा गारच! हीटरकडे इंजिनचं गरम पाणी नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या अशा दोन रबरी नळ्या असतात. इंजिन तापल्यावर दोन्हींना बाहेरून हात लावून पाहायचा, जपून. (रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन गरम असताना कधीही उघडू नका.) आमच्या दोन्ही नळ्या कोमट लागल्या. मिस्त्री हसले. त्यांनी इंजिनवरची एक टोपी उघडली आणि आतली रिकामी जागा दाखवली. तिथला थर्मोस्टॅट कुणीतरी कधीच काढून टाकला होता! इंजिनचं पाणी ८० अंशांच्या आसपास तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारी वाट अडवून धरणं, हे त्याचं काम. आपल्याकडे बरेच मिस्त्री 'इकडे गरमी असते, याची काय गरज' म्हणून तो काढतात. मग इंजिन पावसात पुरेसं तापतच नाही. डिझेल जास्त जातं, इंजिनची झीज वाढते, आणि हीटरला कोमट पाणी मिळतं. आमचाही कुणी काढला देव जाणे.

नवा थर्मोस्टॅट बसवला तर आता एक नळी चटका बसेल इतकी गरम आणि दुसरी गार! म्हणजे पाणी हीटरमध्ये शिरतंय, पण पार होत नाही. नळ्या सोडवून मिस्त्रींनी उलट्या बाजूने नळाचं पाणी हळूहळू सोडलं. जोरात सोडलं तर जुना हीटर फुटतो. आधी काही नाही, मग चहासारखं, मग चक्क लाल गाळ आला. बाबा शेजारी उकिडवे बसून लहान मुलासारखे बघत होते. पाणी स्वच्छ येईपर्यंत तासभर गेला.

शेवटचं कारण आमच्या घराचंच होतं. काचेच्या खाली, वायपरपाशी, बाहेरची हवा आत घेणारी जाळी असते. तिच्यात कडुनिंबाची पानं आणि काड्या कुजून चिखल झालेला. हवा आत यायची वाट बंद, आणि पावसाचं पाणी बाहेर जायची वाटही बंद. ते पाणी आत झिरपून पायाखालच्या चटईच्या खालचा काथ्या ओलाचिंब होता. पिळला तर धार लागली! म्हणजे काचेवर जमणारी वाफ आम्ही चटईखाली साठवूनच फिरत होतो. ज्या झाडाच्या सावलीचं आम्हाला एवढं कौतुक, त्याचा हा प्रसाद. झाड तसंच आहे, जाळी आता दर रविवारी साफ होते.

आणखी दोन गोष्टी कळल्या, त्या गाडीत स्वयंपाक करणाऱ्यांनाच काय, सगळ्यांनाच उपयोगी पडतील. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. भाताची वाफ वेगळीच. म्हणून आईने आता शेगडीच्या बाजूची काच उघडी ठेवूनच चहा करायचा, असा नियम झाला. (तो ती पाळते असं नाही.) दुसरं, ते फडकं. हाताच्या, धुराच्या, प्लॅस्टिकच्या तेलकटपणाचा एक थर काचेवर आतून बसतोच. कोरड्या फडक्याने तो निघत नाही, पसरतो, आणि त्यावर थेंब आणखी चटकन धरतात. मिस्त्रींनी काच साबणाच्या पाण्याने धुऊन, वर्तमानपत्राने कोरडी करून दिली. मी जुन्या ड्रायव्हरांची युक्ती विचारली, वायपर बंद पडला की काचेवर तंबाखू किंवा बटाटा चोळतात ती. ते म्हणाले, ती बाहेरून, अडल्या वेळेला. आतल्या वाफेला तिचा उपयोग नाही.

ज्यांच्या गाडीत एसी आहे त्यांना हे काम सोपं. एसीतून जाताना हवेतलं पाणी निघून जातं, त्यामुळे एसी आणि हीटर एकत्र लावले की काच भराभर निवळते. फक्त 'आतलीच हवा फिरवा' हे बटण बंद हवं. कोकणासारख्या दमट हवेत मात्र एसीचा झोत थेट काचेवर ठेवला तर काच बाहेरून धुरकटते. तेव्हा वायपर मारायचा आणि झोत काचेवरून काढायचा. आणि हीटर लावल्यावर गोडसर वास येऊन काचेवर चिकट पडदा धरत असेल तर हीटरमधून कूलंट गळतंय. ते पुसून भागणार नाही.

काम संपलं ती तारीख ४ ऑगस्ट, छत्तीसगडची हरेली. या दिवशी शेतकरी नांगर, कुदळ, फावडी धुऊन त्यांची पूजा करतात आणि गुळाच्या चिल्याचा नैवेद्य दाखवतात. मिस्त्रींनीही आपले पाने रॉकेलने धुऊन ओळीने मांडले होते आणि त्यांच्यावर हळद-तांदूळ वाहिले होते. आम्हा मराठी घरांत तीच आषाढातली अमावस्या, दिव्यांची अवस. घरी आलो तेव्हा आईने समया घासून पाटावर मांडल्या होत्या. बाबांनी त्या ओळीच्या शेवटी गाडीची किल्ली ठेवली. आई काही बोलली नाही, तिलाही हळदकुंकू लावलं. एकूण खर्च तीन हजारांच्या आत झाला, हे दादाला मुद्दाम सांगितलं. त्याने हिशेबाचा कागद मागून घेतला आणि दोनदा वाचला. मग बाबांच्या खोलीत गेला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी चित्रकोटला गेलो. जगदलपूरपासून साधारण ४० किलोमीटरवर इंद्रावतीचा हा धबधबा पावसाळ्यात लाल-तपकिरी पाण्याने भरभरून वाहतो. या वेळी दादाही होता, आणि येताना घाटात पाऊस जुलैपेक्षा जास्त होता. बाबांनी घाटाच्या माथ्यावर थांबून हीटर चालू केला. काचेखालून आधी अर्धचंद्रासारखा स्वच्छ तुकडा उमटला, तो वर वर चढत गेला आणि पाच-सहा मिनिटांत सगळी काच मोकळी झाली. आत भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं, दादा घामाघूम होऊन पदोपदी खिडकी खाली करत होता, पण तक्रार करायची त्याची टाप नव्हती! आई आता पुन्हा पुढे बसली होती. खांदा बराच सुटला आहे. एका वळणावर बाबा सवयीने "हं" म्हणाले आणि आईचा हात मांडीवर फडकं शोधू लागला. ते मागे होतं, गरम डब्याभोवती गुंडाळलेलं.

दादाने शोधलेल्या गिऱ्हाइकाचा फोन अजून अधूनमधून येतो. बाबा त्याला कधी नाही म्हणत नाहीत, आधी त्याच्या गाडीत थर्मोस्टॅट आहे का ते विचारतात. मग पाऊण तास बोलणं चालतं.