गेममधली जात आणि आपल्या तोंडातली 'छपरी'

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मोबाइलला बंदी नाही. बंदी घातली की मुलं येईनाशी होतात, हे दोनदा अनुभवून झालंय. सात ते नऊ अभ्यास आणि नंतर अर्धा तास बाहेरच्या ओट्यावर गेम, असा नियम मुलांनीच ठरवला आहे.

मागच्या पावसाळ्यात अकरावीतला एक मुलगा त्या ओट्यावर खेळत होता. चौघांच्या संघाचा बंदुकीचा गेम. बाकीचे तिघे अनोळखी, कुठल्या तरी शहरांतले, हिंदी बोलणारे. त्या दिवशी त्याचा हेडफोन बिघडला होता म्हणून मला सगळं ऐकू आलं. त्याच्या आयडीत 'जयभीम' होतं. एक आवाज म्हणाला, "जयभीमवाला है, कोटे से आया होगा, इसको बंदूक मत दो." दुसरा हसला. तिसऱ्याने जातीचं नाव घेऊन आईवरून शिवी दिली. पोरगा मान खाली घालून खेळतच राहिला. खेळ संपल्यावर मी विचारलं, "बाहेर का नाही पडलास?" तो म्हणाला, "ताई, रोजचंच आहे. मधेच निघालं की पॉइंट जातात."

मग मी जे बोलले ते इथे प्रामाणिकपणे लिहिते. मी म्हणाले, "अरे, मग नाव बदलून टाक ना."

मी समाजशास्त्रात एमए केलं आहे. जात लपवून भाड्याने घर घेणाऱ्यांवर, आडनाव बदलणाऱ्यांवर तावातावाने बोलले आहे. आणि पहिल्याच प्रसंगी मी एका पोराला तेच करायला सांगितलं. याचं कारण मला ठाऊक आहे. २०१५ साली शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून आपल्या एका तरुणाला ठार मारण्यात आलं. तेव्हापासून फोन आणि बाबासाहेबांचं नाव एकत्र आलं की माझ्या पोटात आधी भीती येते. पण भीतीचं कारण सांगता आलं म्हणून सल्ला बरोबर ठरत नाही. पोराने नाव बदललं. इंग्रजीत काहीतरी 'किलर' ठेवलं.

नंतर मी स्वतःच एक आयडी काढला आणि तीन आठवडे रात्री खेळले. मला खेळता येत नाही, पहिल्या दोन मिनिटांत मरायचे. पण ऐकायला वेळ भरपूर मिळायचा. तोंड उघडलं की आधी बाई म्हणून वाट्याला यायचं: नंबर मागणं, न दिल्यास शिवी. जात त्यानंतर, आणि ती बहुतेकदा विनोदाच्या रूपात. कोणी नीट खेळला नाही तर 'आरक्षणवाला'. कोणी मेलेल्याच्या सामानातून गोळ्या उचलल्या तर सफाई काम करणाऱ्या जातीचं नाव. जिंकणाऱ्याला पूर्ण नाव विचारायचं आणि आडनाव ऐकून गप्प व्हायचं. समोर चेहरा नाही, गाव नाही, तरी आडनाव हवंच. इंटरनेटवर जात गळून पडेल असं सांगणाऱ्या विद्वानांनी एक रात्र तरी माझ्याबरोबर बसायला हवं होतं.

सरकारने गेमवर बंदी घातलीच नाही असं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइल गेला, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर. दोन्ही वेळा कारण देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती परदेशी जाण्याचं होतं. पालक बोलतात ते व्यसनावर. पोरांच्या कानात रोज रात्री काय ओतलं जातं, यावर ना सरकार बोललं, ना आपल्या संघटना. आपण तरी कधी निवेदन दिलं?

पण आता दुसरी बाजू. हेच पोरगं पुढच्या आठवड्यात स्वस्त फोनवाल्या एका खेळाडूला ओरडत होतं, "ए छपरी, निघ!" फ्री फायर साध्या फोनवर चालतो, म्हणून पबजी खेळणारे तो खेळणाऱ्यांना सर्रास छपरी म्हणत आले. रंगवलेले केस, स्वस्त गॉगल, वस्तीतली भाषा, सगळ्याला एकच शब्द. हा शब्द छप्परबंद समाजाच्या नावाशी जोडला जातो. झोपड्यांची छपरं शाकारणारी माणसं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या राजवटीत गुन्हेगार ठरवलेल्यांपैकी एक. तो कायदा १९५२ साली गेला आणि महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही छप्परबंद हे नाव आहे. म्हणजे जातीवाचक शिवी खाऊन आलेला आमचा मुलगा एका विमुक्त जातीचं नाव शिवी म्हणून दुसऱ्यावर फेकत होता. बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणाले ती हीच. प्रत्येकाला खाली तुडवायला कोणीतरी मिळतो, म्हणून शिडी कोणी मोडत नाही. इथे शिडीच्या पायऱ्या फोनच्या किमतीच्या आहेत, एवढंच.

मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो चिडला. "ताई, सगळेच म्हणतात. छपरी म्हणजे जात आहे हे कोणाला माहीत आहे?" मी म्हटलं, तुला शिवी देणाऱ्यालाही हेच म्हणता येईल. तो गप्प झाला, पण पटलं असं चेहऱ्यावर दिसलं नाही. आपल्या वंदनेत रोज शील घेणाऱ्या मुलांना सम्यक वाचेत कठोर वाणी टाळणंही येतं, हे आम्ही कधी शिकवलं? पाठ करून घेतलं, एवढंच.

राहिला कायदा. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) प्रमाणे अपमान किंवा जातिवाचक शिवीगाळ लोकांच्या नजरेस येईल अशा ठिकाणी झालेली असावी लागते. चार अनोळखी माणसांचं व्हॉइस चॅट हे असं ठिकाण आहे का? २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटवर टाकलेल्या व्हिडिओतल्या अपमानालाही हा कायदा लागू होतो असं म्हटलं. पण तो व्हिडिओ कोणालाही पाहता येत होता. आपल्या चौघांचं बोलणं हवेत विरतं. माझं म्हणणं असं की ऐकणारे दोघे त्रयस्थ आहेत, ते घरातले नाहीत, मित्रही नाहीत. मग ती जागा चार भिंतींतली कशी? वकील मित्रांनी यावर लिहावं. तोवर एक काम प्रत्येकाला करता येतं: स्क्रीन रेकॉर्डिंग आवाजासकट चालू ठेवा आणि समोरच्याच्या खात्याचा क्रमांक टिपून घ्या. नाव बदलता येतं, क्रमांक तोच राहतो.

आमच्याकडे आता अशी चार रेकॉर्डिंग आहेत. पहिल्या तक्रारीचा मसुदा मी लिहिला आहे. त्यावर सही करायची की नाही, हे त्या मुलाने आणि त्याच्या आईने ठरवायचं आहे. आई म्हणाली, दहा दिवस द्या. काल रात्री ओट्यावर पाहिलं तर आयडीत 'जयभीम' परत आलेलं होतं. नाव बदलायचं कार्ड त्याने स्वतःच्या पैशांनी घेतलं होतं, मला न सांगता.