मैना

आण्णांच्या घोडीचा फोटो बघून माझ्या नातीने विचारलं, "आजी, पणजोबा खाटीक होते ना? मग घोडीवर एवढी माया कशी?" आमच्या घरात हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नव्हता. फलटणला आमचं मटणाचं दुकान. पहाटे मुलाणी येऊन बोकड हलाल करून जायचे, पुढचं सोलणं-तोडणं आण्णांचं. मैना त्यांनी १९८४ साली दत्तजयंतीच्या यात्रेतून आणली, तापीकाठच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून. देवमण बघून, एकेक भोवरा तपासून घेतलेली पंचकल्याणी घोडी.

श्रावणात गिऱ्हाईक तुटायचं. मग आण्णा रोज कालव्याच्या कडेने रेवाल चालीत दूरवर जायचे. माउलींची पालखी आली की दुकान बंद, आणि आण्णा चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण बघायला. माउलींच्या अश्वावर कुणी बसत नाही. तो धावून गेला की त्याच्या टापांखालची माती वारकरी कपाळाला लावतात. आण्णा ती रुमालात बांधून आणायचे आणि मैनेच्या कपाळाला लावायचे.

मैनेला रक्ताचा वास खपत नसे. आण्णा दुकानातून तसेच आले की ती नाकपुड्या फुलवून मागे सरायची. म्हणून संध्याकाळी ते आंघोळ करून, नखांत लिंबू चोळून, धुतला सदरा घालून तिच्यापुढे दोन्ही हात धरून उभे राहात. मैना तळवे हुंगायची, मग बोटं, मग मनगटं. पटलं तरच मान खाली. आम्ही पोरं ओट्यावर बसून बघायचो. आई चुलीपाशी म्हणायची, "मला कधी विचारलंय का, वास येतो का म्हणून?" आण्णा गप्प.

एकदा आखाडातल्या शेवटच्या शनिवारी रात्री मैनेला पोटशूळ उठला. ती सारखी वळून पोटाकडे बघे, पाय आपटे, लोळायला बघे. तिला खाली बसू द्यायचं नव्हतं. भर पावसात आण्णा तिला बाणगंगेच्या पुलापर्यंत नेत आणि परत आणत. दुसऱ्या कुणाच्या हातात लगाम देईनात. दुसऱ्या दिवशीचा रविवार म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा धंदा, बोकडं उधारीवर आणलेली. आईने विचारलं, "दुकानाचं काय?" आण्णा म्हणाले, "बंद ठेव."

आई काही बोलली नाही. पहाटे मुलाणी आले तेव्हा ती पदर खोचून दुकानात हजर होती. तिने सत्तूर कधी धरलेला नव्हता. पहिले तुकडे वेडेवाकडे पडले, रांगेतली माणसं कुजबुजली, तिने मान वर केली नाही. वजन मात्र काट्यावर नेमकं. दुपारपर्यंत सगळा माल संपला.

ती घरी आली तेव्हा मैनेने नुकतीच लीद टाकली होती. धोका टळला होता. आई दावणीकडे निघाली, तशी मैना मागे सरली. आई जागीच थांबली. आण्णांनी आतून लिंबू आणलं, कापलं आणि मोरीपाशी बसून स्वतः तिची नखं चोळली. बाप आईचा हात हातात घेतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मैना २००१ साली म्हातारपणाने गेली. आण्णांनी दुसरी घोडी घेतली नाही. आई मात्र त्या रविवारपासून रोज दुकानात बसू लागली होती. दुकान टिकलं ते हिच्यामुळे, असं आण्णा शेवटपर्यंत चारचौघांत सांगत, आणि ते खरं होतं.