साहेबांचा मूड आणि घराचे आरोग्य

आपल्याकडील बहुतेक कचेऱ्यांत सकाळचा पहिला प्रश्न कामाविषयीचा नसतो. "आज साहेबांचा मूड कसा आहे?" असे शिपायाला हळूच विचारूनच माणसे फाइल घेऊन आत जातात. हा प्रश्न आपल्याला गमतीचा वाटतो. परंतु ज्या घरातील कुणी नोकरी करते, त्या घराच्या स्वास्थ्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. दुपारी दालनात उच्चारलेला कठोर शब्द रात्री जेवणाच्या ताटावर मुलांना ऐकावा लागतो, हे आपणही पाहिले असेल.

ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा 'व्हाइटहॉल' अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. वरिष्ठांना ताण अधिक, म्हणून हृदयविकारही त्यांनाच अधिक, ही समजूत त्याने खोटी ठरवली. हृदयविकाराने होणारे मृत्यू खालच्या श्रेणीत जास्त आढळले. १९८५ पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात असेही दिसले, की आपल्या कामावर ज्यांचे स्वतःचे नियंत्रण कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक. कामाच्या तासांविषयी जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्त अंदाज मांडला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो, असे त्यात म्हटले आहे.

हे आकडे वाचनात येण्यापूर्वीच मी त्यांचा अर्थ अनुभवला होता. एका सहकारी बँकेत माझी एकतीस वर्षे गेली. आरंभीचे एक साहेब मनाने वाईट नव्हते. परंतु कुणाची चूक आढळली, की ग्राहकांसमोरच तिचा उद्धार करीत. परिणामी चुका थांबल्या नाहीत, त्या लपू लागल्या. रोकड जुळली नाही, तर लोक पदरचे पैसे घालून हिशेब मिटवीत आणि मूळ कारण तसेच राही. दर सोमवारी एका सहकाऱ्याचे पोट बिघडे. डॉक्टरांना तपासणीत काहीही सापडत नसे.

पुढे माझ्या आईला पक्षाघात झाला. सकाळी तिचे व्यायाम करून घेणारे दुसरे कुणी नव्हते. राजीनाम्याचा कागद लिहून मी पर्समध्ये ठेवला होता. तेव्हाच्या साहेबांनी माझी रोजची धावपळ पाहून आपणहून बोलावले. सहानुभूतीचे भाषण केले नाही. "तुमचे कोणते काम किती वाजता होऊ शकेल, ते तुम्हीच लिहून द्या," एवढेच म्हणाले. मी लिहून दिले. काउंटरचे काम दुसरीकडे गेले, संध्याकाळची ताळेबंदाची जबाबदारी माझ्याकडे आली आणि सहकाऱ्यांनाही हा बदल उघडपणे सांगितला गेला, म्हणून कुजबुज झाली नाही. आठ महिन्यांनी आई काठी घेऊन अंगणापर्यंत चालू लागली. तो कागद मी कधी दिलाच नाही.

आपण कुणाचे वरिष्ठ असाल, तर माझे काही आग्रह आहेत. चूक चारचौघांत काढू नका. कामाची वेळ संपल्यावर फोन करण्यापूर्वी हे उद्यापर्यंत थांबेल का, असे स्वतःस विचारा. रजेच्या अर्जाची उलटतपासणी करू नका. काम कसे करावे, यात करणाऱ्याला थोडा तरी वाव द्या. एखादा सहकारी अबोल झाला, तर एकांतात विचारपूस करा. मात्र डॉक्टर होऊ नका. मनाच्या तक्रारींसाठी शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे, तेवढे सांगा. हे कौशल्य उपजत असावेच लागते, असे नाही. व्यवस्थापकांना मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये केली आहे. साहेबांवरही वरून दट्ट्या असतो, हे खरे. पण तो जसाच्या तसा खाली ढकलायचा की आपल्यापाशी थोडा अडवायचा, हे त्यांच्या हाती असते.

"आम्ही कुठले साहेब?" असे आपण म्हणाल. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी लढा दिला, तेव्हा कुठे १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मिळाली. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंना आठवड्याची सुटी आहे का? त्या आजारी पडल्या, तर आपण पगार कापतो का? कप फुटला, तर तो फुटल्याचे सांगायला त्या धजावतात का? आपल्या दाराशी येताना त्याही कुणाला तरी विचारीत असतील, "आज ताईंचा मूड कसा आहे?"