ध्वजदिनाचे निशाण

१९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. शाळेत असताना ते चिमुकले कागदी निशाण खिशावर टाचले, की जवानांचे ऋण फिटले असे मला वाटे. त्या निधीमागची घरे दिसली ती फार पुढे, फौजेतून निवृत्त झालेले काका वारले तेव्हा. काकूंचे कुटुंब निवृत्तिवेतन अडले होते. सैन्याच्या नोंदीत त्यांचे माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे. या दोन बायका एकच, हे सिद्ध कोण करणार? काकांच्या पलटणीतले एक निवृत्त सुभेदार अर्ज, प्रतिज्ञापत्रे लिहीत तीन महिने काकूंबरोबर खेटे घालत राहिले. “वहिनी, पलटण अजून आहे,” एवढेच ते म्हणत. निधी गोळा करता येतो. सोबतीला मात्र माणूसच यावे लागते. माझ्या खिशावर तेवढे निशाण होते.